सिक्लिडसाठी मोठा टँक: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचे अनुभव लिहा

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ, ऑस्कर त्यातलाच. दुकानातला ऑस्कर दोन इंचांचा असतो आणि दोन फुटी टँकमध्ये फार गोड दिसतो. नीट खाऊ घातलं तर वर्ष-दीड वर्षात हाच मासा दहा-बारा इंचांचा होतो. मग घरात मोठ्या टँकचा विषय निघतो आणि प्रश्न सुरू होतात. किती फुटी घ्यायचा? स्लॅबला झेपेल का? लिफ्टमध्ये मावेल का? जुने मासे नव्या पाण्यात कसे न्यायचे? परदेशी माहिती ढीगभर मिळते, पण ती गॅलनमध्ये आणि तिकडच्या पाण्याची. आपलं पाणी, आपली वीज, आपल्या सोसायट्या वेगळ्या आहेत. म्हणून ज्यांनी सिक्लिडसाठी टँक मोठा केला आहे त्यांनी इथे लिहावं. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, मलावी, एंजल, काहीही चालेल. काय केलं, का केलं आणि आकडे, एवढं जरूर लिहा.

सुरुवात मी करतो.

वसंत विहार, ठाणे

माझ्याकडे ऑस्करची जोडी आहे. तीन फुटीतून चार फुटीत आलो तेव्हा दुकानदार उंच टँक दाखवत होता, कारण उंच टँक हॉलमध्ये उठून दिसतो. हिशोब साधा आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणायची आणि आलेल्या आकड्याला 28 ने गुणलं की लिटर मिळतात. 4 × 1.5 × 2 आणि 4 × 2 × 1.5, दोन्हींत पाणी तेवढंच, साधारण 340 लिटर. पण पहिल्याचा तळ सहा चौरस फूट, दुसऱ्याचा आठ. सिक्लिड तळ वाटून घेतात, उंची नाही. फूटभर लांब माशाला सहज वळता यायला रुंदी दोन फूट लागतेच. शिवाय उंची कमी म्हणजे काचेवर दाब कमी. मी दुसरा घेतला. जे माझा सल्ला विचारतील त्यांना मी पहिल्यांदा एवढंच सांगेन: रुंदीचे पैसे कापू नका.

नव्या टँकमध्ये सोडल्यावर दोन्ही ऑस्कर तळाला आडवे पडून राहिले, खाणं बंद. ऑस्करचा हा स्वभावच आहे, जागा बदलली की रुसतात. पाणी ठीक असेल तर दिवा बंद ठेवा आणि त्यांना एकटं सोडा.

नौपाडा, ठाणे

मी निवृत्त आहे, बांधकाम खात्यात होतो, म्हणून वजनाबद्दल लिहितो. घरातल्या खोल्यांचे स्लॅब चौरस मीटरला सुमारे 200 किलो चल भार (माणसं, सामान) धरून डिझाइन करतात. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात हा आकडा आहे. चार बाय दोन बाय दोनच्या टँकमध्ये साडेचारशे लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच साडेचारशे किलो. काच, दगड, वाळू, लोखंडी स्टँड धरलं की सहाशेच्या पुढे, आणि तेही पाऊण चौरस मीटरवर. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण हा आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो. पण टँक खोलीच्या मधोमध ठेवू नका. ज्या भिंतीखाली बीम आहे तिच्या कडेला, शक्य तर कॉलमजवळ ठेवा. आमच्या नौपाड्यात जुन्या, लोड-बेअरिंग (कॉलमऐवजी भिंतींवर उभ्या) इमारती पुष्कळ आहेत. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तीन फुटांच्या वर जाऊच नये. गॅलरीच्या छज्ज्यावर तर मुळीच नाही.

स्टँडखाली स्पिरिट लेव्हल लावून बघा. टँकखाली थर्माकोलचा किंवा फोमचा शीट हवाच. बारीकसा खडा राहिला तरी काच तिथूनच तडकते.

ऐरोली

मी मलावीचे म्बुना पाळते. इलेक्ट्रिक यलो, मैंगानो आणि काही पिवळट-निळे, ज्यांची नावं दुकानातही नीट कुणी सांगत नाही. वर ऑस्करवाल्या दादांनी तळाचं लिहिलंय ते म्बुनांना दुप्पट लागू आहे. हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठावरचे. प्रत्येक नराला स्वतःची कपार हवी असते आणि ती राखण्यासाठी तो दुसऱ्याचे पर फाडतो. तीन फुटीत माझा एक नर सगळ्यांना कोपऱ्यात कोंडून ठेवायचा. पाच फुटी घेतल्यावर तोच मासा आपल्या दगडापाशी थांबतो, कुणी जवळ आला तर हुसकावतो आणि परत येतो. त्याचा पाठलाग संपतो, कारण पळणाऱ्याला पळायला जागा आहे. हा बदल बघायला मिळाला, त्यासाठी केलेला सगळा खर्च मला पटला.

जागा बदलताना एक गोष्ट मुद्दाम केली. दगडांची जुनी रचना तशीच उभारली नाही, सगळी नवी केली. कुठली कपार कुणाची हे सगळ्यांना एकाच वेळी नव्याने ठरवावं लागलं, त्यामुळे जुन्या दादाची सत्ता आपोआप गेली. एका नरामागे तीन तरी माद्या ठेवल्या. दगड वाळूवर नाही, थेट तळाच्या काचेवर पातळ शीट टाकून त्यावर बसवले. हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेला दगड एक दिवस काचेवर येतो.

आता पाणी. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. चांगलं आहे, पण मऊ आहे. माझ्या नळाला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभराच्या खालीच दिसतो. म्बुनांना पीएच 7.8 ते 8.6 आणि कठीण पाणी लागतं. म्हणून फिल्टरमध्ये कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून ठेवते आणि पाणी बदलताना ड्रममध्ये खाण्याचा सोडा आधी विरघळवते. मोठ्या टँकचा खरा फायदा इथे कळतो. पीएच एका रात्रीत हलत नाही.

माद्या अंडी तोंडात सांभाळतात, जवळजवळ तीन आठवडे, आणि तेवढे दिवस फारसं खात नाहीत. माझ्या मुलीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती काचेपुढून हलायला तयार नव्हती.

कोपरखैरणे

थोडक्यात सांगतो. ऑर्डर देण्याआधी लिफ्टचं दार, लिफ्टची आतली तिरकी लांबी आणि जिन्याचं वळण मोजा. चार फुटी बहुतेक लिफ्टमध्ये तिरका बसतो. सहा फुटीसाठी मी कारागिराला घरी बोलावून काचा जागेवरच जोडून घेतल्या. सिलिकॉन आठवडाभर वाळू दिलं, मग काठोकाठ पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी जाऊन सांगितलं. त्याही बघायला आल्या.

खारघर

इथे कुणी मासे हलवण्याबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं जुनं पाणी नेलं की काम झालं. पाण्यात फारसं काही नसतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात ते फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर, दगडांवर. कोऱ्या टँकमध्ये ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मोठ्या सिक्लिडची घाण इतकी असते की तेवढा वेळ तो तग धरेलच असं नाही.

मी नवा कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा, बंद डब्याचा) आधी जुन्या टँकवरच चढवला आणि महिनाभर दोन्ही फिल्टर एकत्र चालवले. मासे हलवायच्या दिवशी जुन्या रिंगा आणि स्पंज टँकच्याच पाण्यात ओले ठेवून नव्यात टाकले. नळाखाली धुवायचे नाहीत, क्लोरीनने सगळं मरतं. नळाच्या पाण्यात आधी हायपो (क्लोरीन घालवणारं रसायन) घातलं. नंतरचे काही दिवस खाणं अर्ध्यावर ठेवलं आणि रोज अमोनियाची टेस्ट केली. ऐरोलीच्या ताईंसारखं ज्यांचं पाणी जास्त पीएचचं आहे त्यांनी हे विशेष जपावं, कारण पीएच वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

घोडबंदर रोड

वीज आणि पाणी. पाण्याचं शटडाऊन जाहीर झालं की इथे दोन दिवस दाब येत नाही. साडेचारशे लिटरच्या टँकला आठवड्याला तीस टक्के म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर पाणी लागतं. दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवायला जागा असेल तरच एवढा टँक घ्या. टँकरचं पाणी आलं की आधी टीडीएस मोजते, कारण ते कधी बोअरचं असतं आणि एकदम कठीण निघतं. काढलेलं पाणी आमच्या सोसायटीच्या बागेला जातं, माळीमामा शुक्रवारची वाट बघतात.

वीज गेली की बॅटरीवरचा एअरपंप लावते. मे महिन्यात पाणी 32 अंशांवर जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि मोठ्या माशांना आधी तोच कमी पडतो. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल तर तसाच सुरू करू नका. आत सडलेलं पाणी थेट टँकमध्ये येतं. उघडायचा, टँकच्या पाण्याने खळबळून घ्यायचा, मग लावायचा. सगळ्या वायरींना प्लगच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही.

कळवा

टँक मोठा करणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी लिहिते. कृपा करून मासा तळ्यात सोडू नका. आपल्या ठाण्यात तळी पुष्कळ आहेत आणि 'मोकळ्या पाण्यात बिचारा जगेल' असं म्हणून लोक खरंच सोडतात. चिलापी (तिलापिया) हासुद्धा सिक्लिडच आहे. 1952 मध्ये ती भारतात आणली आणि आज देशभरच्या तळ्यांत, नद्यांत पसरली आहे. देशी माशांची जागा तिने किती घेतली ते कुठल्याही जुन्या मासेमाऱ्याला विचारा. ऑस्कर मांसाहारी आहे, तो आणखी नुकसान करेल. मी माझा फ्लॉवरहॉर्न ज्यांच्याकडे चार फुटी टँक रिकामा होता अशा गृहस्थांना दिला. काही दुकानदार मोठे मासे परत घेतात, विचारायला लाजू नका.

वसंत विहार, ठाणे

सगळ्यांचे आभार. नौपाड्याच्या काकांचं वाचून मी आज टेप घेऊन हॉलमधला बीम शोधला. टँक बरोबर भिंतीलगत आहे, पण कॉलमपासून लांब. रिकामा करायची वेळ येईल तेव्हा सरकवणार आहे.

एक विनंती अजून. डिस्कस किंवा एंजल मोठ्या टँकमध्ये नेले आहेत असं कुणी असेल तर जरूर लिहा. तेही सिक्लिडच, आणि आपलं मऊ पाणी त्यांना फारसं काही न करता मानवायला हवं. तसंच आपल्या खाडीतली कालुंदर, म्हणजे भारताचा स्वतःचा सिक्लिड, निमखाऱ्या पाण्यात कुणी घरी वाढवली आहे का? मीठ किती घालता आणि फिल्टर कुठला वापरता, ते मला हवं आहे.