आल्फा पिस्कियुम, पण आल्फा पिस्किस औस्त्रीनी: असं का?

प्रश्न:
मीन राशीतल्या ताऱ्याचं लॅटिन नाव आल्फा पिस्कियुम आणि फोमलहॉट या ताऱ्याचं आल्फा पिस्किस औस्त्रीनी. दोन्हीकडे शब्द मासा हाच, विभक्तीही षष्ठीच. मग रूपं वेगळी का? आणि रेक्सचं (राजा) रेगुम होतं तसं इथे पिस्कुम का होत नाही? या शब्दाचा 'मत्स्य'शी संबंध आहे का?

उत्तर १:
फरक वचनाचा आहे. मीन राशीत मासे दोन, म्हणून नाव पिस्केस आणि षष्ठी पिस्कियुम. दक्षिणेकडच्या तारकासमूहात मासा एकच: पिस्किस औस्त्रीनुस (औस्त्रीनुस म्हणजे दक्षिणेकडचा). जर्मन खगोल अभ्यासक बायरच्या १६०३ च्या तारानकाशातल्या ग्रीक अक्षरांपुढे तारकासमूहाची षष्ठी लावतात. पिस्किसची प्रथमा आणि षष्ठी एकवचनात सारखीच दिसते, त्यामुळे विशेषण बदलायचं राहून जातं. 'आल्फा पिस्किस औस्त्रीनुस' हे चूक. षष्ठीत औस्त्रीनीच हवं.

उत्तर २:
पिस्कुम न होण्याचं कारण म्हणजे शब्द इकारान्त आहे. प्रथमा आणि षष्ठी एकवचनातली उच्चारातली अक्षरं (म्हणजे स्वर) मोजा. पिस्किस–पिस्किस, दोन्हीकडे दोन, म्हणून -इयुम. रेक्स एक, रेगिस दोन. हा व्यंजनान्त, म्हणून -उम. फक्त मोजणीवर विसंबू नका, तिथेच घोटाळा होतो: मोन्स–मोन्तिस (डोंगर) यात अक्षर वाढतं, तरी मोन्तियुम होतं, कारण प्रत्ययाआधी दोन व्यंजनं आहेत. उलट कानिस (कुत्रा) आणि युवेनिस (तरुण) मोजणीत बसूनही कानुम, युवेनुम होतात. हे दोन पाठच करावेत.

द्वितीया बहुवचनात पिस्केससोबत जुनं पिस्कीसही आढळतं. रोमन लिपीत दीर्घ खूण सहसा छापत नाहीत, म्हणून ते प्रथमेच्या पिस्किससारखंच दिसतं. वाचताना आधी क्रियापदाचं वचन बघा. देवनागरीत उतरवून घेतलं तरी ऱ्हस्व-दीर्घ आपोआप कळत नाही, ते आधी संदर्भावरून ठरवावं लागतं.

उत्तर ३:
'मत्स्य'शी संबंध नाही, ग्रीक 'इख्थिस'शीही नाही. सख्खे भाऊ आहेत गॉथिक (एक जुनी जर्मानिक भाषा) 'फिस्क्स', इंग्रजी 'फिश' आणि जुन्या आयरिशमधला 'इयस्क'. जर्मानिक भाषांत मूळच्या प चा फ होतो (पितृ–फादर), आणि केल्टिकमध्ये शब्दारंभीचा प गळतोच. ध्वनींचा हिशेब चोख जुळतो, म्हणून हे नातं पक्कं.

रूपांची तुलनाच करायची तर 'अग्नि' घ्या. लॅटिन 'इग्निस' त्याचाच भाऊ आणि चालतो पिस्किससारखा. संस्कृतात द्वितीया अग्निम्. लॅटिनमध्ये मात्र इग्नेम, पिस्केम. जुना -इम प्रत्यय 'सितिम' (तहान) अशा मोजक्या शब्दांत टिकून आहे.