घरचा स्विमिंग पूल : स्वतः सांभाळावा की माणूस लावावा?

पवनाकाठ
पवना धरणाजवळ आमचं शेतघर आहे. तिथे ८ बाय ४ मीटरचा पूल, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे साधारण ४५ हजार लिटर पाणी. तीन वर्षं आठवड्यातून दोनदा येणारा माणूस होता. टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या रसायनाच्या, गोळ्या तरंगत्या डब्यात भरायचा, जाळीने पानं काढायचा आणि जायचा. या मे महिन्यात आम्ही पोचलो तर पुलाची तिसरी पायरी दिसेना. टाईल्सवरून बोट फिरवलं तर नखात बुळबुळीत शेवाळ आलं. त्याने आणखी गोळ्या टाकल्या, पाणी हिरवंच.

मग मीच टेस्टच्या पट्ट्या आणल्या. क्लोरीन भरपूर, पण सायन्युरिक ॲसिडचा चौकोन शेवटच्या गडद रंगाला टेकलेला. वाचत गेलो तसा उलगडा झाला. ही गोळी विरघळते तेव्हा क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं, १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम. ते थोडं हवंच, ३० ते ५०, त्यामुळे क्लोरीन उन्हात टिकतं. पण ते उडून जात नाही, साठत राहतं, आणि फार झालं की क्लोरीनलाच बांधून ठेवतं. शेवटी अर्धा पूल उपसावा लागला. ज्याच्या घरी पूल, त्यानेच तो सांभाळावा, असं माझं आता ठाम मत आहे.

केमिकलवाला
दादा, मी १४ वर्षं याच धंद्यात आहे. राग मानू नका, पण तुमचा माणूस कच्चा होता, म्हणून माणूसच नको हे काही पटत नाही.

मालकांनी स्वतः सांभाळलेले पूल मी पाहिलेत. एका बंगल्यात पंपाच्या खोलीत पीएच उतरवायच्या ॲसिडचा कॅन आणि क्लोरीन देणाऱ्या हायपोक्लोराइटचा ड्रम शेजारी शेजारी ठेवलेले. कॅनचं झाकण सैल. खोलीतला पितळी नळ हिरवा पडलेला, मोटरचे नट गंजून फुगलेले, कडी बोटाला पावडरीसारखी लागत होती. तीच हवा माळी रोज छातीत भरून घेत होता. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू होतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच ओल्या मगाने काढले तर पेट घेऊ शकतात. पावडर बालदीभर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधीच ओतायचं नाही. हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही, आणि तुम्ही तिथे जाता शनिवार-रविवार.

दोन_लेकरांची_आई
आम्ही नाशिकजवळ राहतो, पूल अंगणातच आहे आणि चार वर्षं मीच बघते. मला पवनाकाठ यांचं पटतं. संध्याकाळी सातला, ऊन गेल्यावर क्लोरीन टाकते, सकाळी मोजते. क्लोरीन १ ते ३, पीएच ७.२ ते ७.६. फिल्टरच्या दाबाच्या मीटरचा काटा नेहमीपेक्षा ८-१० पीएसआय वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं. एवढंच.

पाहुणे आले की म्हणतात, क्लोरीन जास्त झालंय, डोळे चुरचुरतात. बहुतेकदा ते उलट असतं. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन बनतं, तो वास त्याचा. अशा वेळी क्लोरीन कमी करून नाही, वाढवून पाणी सुधारतं. २०२४ मध्ये केरळात नाकावाटे शिरणाऱ्या अमीबाने मुलं दगावली, तेव्हापासून मोजल्याशिवाय मी मुलांना पाण्यात सोडत नाही. हे काम परक्या माणसावर टाकून मला झोप लागणार नाही.

कोरडवाहू
कोण सांभाळतो हा नंतरचा प्रश्न. अर्धा पूल उपसला म्हणजे २२ हजार लिटर, दहा हजारी टँकरचे दोन भरून वर. मे महिन्यात. आमच्या माण तालुक्यात तेवढ्यासाठी बायका टँकरच्या मागे हंडे घेऊन धावतात. वर उन्हाने रोज ६ मिमी पाणी उडतं असं धरलं तरी ३२ चौरस मीटरमधून १९० लिटर गेलं. शेतघराला पूल लागतोच का?

पवनाकाठ
कोरडवाहू, तुमचं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं. पाणी उपसताना मलाही तेच वाटत होतं. क्लोरीन उतरू दिलं, मग ते पाणी आंब्यांना सोडलं, पण एवढं पाणी झाडांना एकदम लागत नसतं. पूल बुजवणार नाही, वडिलांच्या गुडघ्यांना पाण्यातच चालता येतं. आच्छादन मात्र मागवलंय. पहिल्या वर्षीच पट्टी बुडवली असती तर उपसावं लागलं नसतं, म्हणून तर स्वतः मोजायचा एवढा आग्रह.

केमिकलवाला, ॲसिडबद्दल तुमचं ऐकतो. आमच्याही खोलीत दोन्ही एकत्रच होते, काल वेगळे केले. पण मोजणं मी सोडणार नाही. पंपाजवळ वही टांगलीय, जो येईल त्याने तारीख आणि चार आकडे लिहायचे.

केमिकलवाला
वही चांगली आहे, माझ्या गिऱ्हाइकांकडेही ठेवायला सांगतो. फक्त पट्टीवर विसंबू नका, दमट हवेत डबी उघडी राहिली की रंग चुकतात. थेंबांचं किट घ्या. आणि वहीत आकडा लिहिणारा आणि ॲसिड ओतणारा एकच माणूस नको, हे मी अजूनही म्हणेन.

दोन_लेकरांची_आई
माझ्याकडे तो एकच माणूस आहे, दादा. गॉगल, रबरी हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. चार वर्षांत एकदाही थेंब उडाला नाही.