‘तुम्ही लोक घरी इंग्लिशच बोलता ना?’ ख्रिश्चन म्हणून शाळा-कॉलेजात आलेले अनुभव लिहा

केळीच्या वाडीतली: भाची राखेच्या बुधवारी सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) गेली, कपाळावर राखेचा क्रूस तसाच ठेवून क्लासला, आणि पुसून घरी आली. पोरींनी विचारलं म्हणे, चूल फुंकत होतीस का. ती विसरली पण, मला मात्र आमची वसईची शाळा आठवली. चिमाजी अप्पांचा धडा आला, १७३९, पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, की अख्खा वर्ग वळून आमच्या बाकाकडे बघणार, जसं काही आम्हीच बुरुजावर तोफा घेऊन बसलेलो. मधल्या सुट्टीत "ए पोर्तुगीज, जा की परत". अरे आजी लाल लुगडं नेसायची, घरी कादोडी, वसईचीच बोली, बोलतो, पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही. तुमचंही लिहा.

पुणे_पाव: विहिरीत पाव टाकून बाटवलं, ही गोष्ट मला सांगणारा कायम वडापाव खात सांगायचा

चष्मिस: मेले हसून

नगरी: आमचं वेगळंय. आडनावावरून जात काढायची, गळ्यातल्या क्रॉसवरून धर्म, मग दोन्हीकडून ऐका. अकरावीच्या ॲडमिशनला मित्र म्हणायचे तुला काय टेन्शन, सवलत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिश्चन झालेल्या दलितांना एससीचं सर्टिफिकेटच मिळत नाही, हे कुणाला समजावणार, आणि वर हीच पोरं "दूध पावडरीसाठी बाटले ना आजोबा". आजोबा मास्तर होते हो, काळा चहा प्यायचे.

उगाच_आपलं: आमच्या वर्गात दोन ख्रिश्चन होते, कधी काही झालं नाही बुवा. काहीही उकरून काढता.

नगरी: त्या दोघांना विचारलंत?

बोरिवली_स्लो: मकापाव!! (आम्हाला चिडवायचं नाव.) कॉलेजात माझं खरं नाव निम्म्यांना माहीतच नसेल. बाप पितो ना, गिटार येते ना, गोव्याला घर असेल ना. ईस्ट इंडियन आहे रे, म्हणजे मुंबईचाच मूळचा ख्रिश्चन, गिटारला हात लावला नाही कधी. बहिणीबद्दल काय बोलायचे ते इथे लिहीत नाही.

सिन्नरची: नाताळाचा डबा मैत्रिणीकडे दिला, करंज्या आणि नानकटाई. दुसऱ्या दिवशी तीच रडवेली होऊन म्हणाली, आईने कुत्र्याला घातलं, तुमच्या भांड्यात बीफ शिजतं म्हणून. आमच्याकडे साधं मटण शिजायचं ते पगार झाला की. त्यांचा दिवाळीचा चिवडा मात्र आम्ही डबा पुसून खाल्ला होता. अजून बोलतो आम्ही दोघी. डबा नाही देत. कुकर झालाय येते

चष्मिस: फार वाईट वाटलं वाचून

बारावी_नापास_नाही: मराठी लेखक फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी बारावीत. क्लासच्या ग्रुपवर मेसेज, पाद्री आता मराठी शिकवणार का. मी टाकलं की फादर स्टीफन्सचं ओव्यांतलं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलंय. उत्तर आलं "भाई केमिस्ट्रीच्या नोट्स टाक". टाकल्या.

पुणे_पाव: नोट्सला धर्म नसतो भाऊ

खादाड: विषय सोडून विचारते, नाताळाला फुगे (तळलेले पिठाचे गोळे) करतात त्याला ताडी मिळत नाहीये इकडे, यीस्ट चालेल?

बोरिवली_स्लो: चालेल. पीठ हाताने फेट, आई मिक्सर लावू देत नाही

उगाच_आपलं: अंडं लागतंच का त्यात?

केळीच्या वाडीतली: लागतं