पार्किन्सनमधलं नैराश्य: सीआरपी, आयएल-६ साठी रक्त कधी, कसं घ्यावं?

न्यूरो_पुणे: पार्किन्सनच्या ८० रुग्णांत जीडीएस-१५ (वयस्कांतल्या नैराश्याची १५ प्रश्नांची प्रश्नावली) चा स्कोअर आणि रक्तातली सूज दाखवणारे एचएस-सीआरपी (हाय-सेन्सिटिव्हिटी पद्धतीने मोजलेला सीआरपी), आयएल-६, टीएनएफ-अल्फा यांचा संबंध बघायचा आहे. ओपीडीत रुग्ण सकाळी ९ ते दुपारी २ कधीही येतात. येतील तसं रक्त घेतलं तर चालेल का? आणि सीआरपी १० मिग्रॅ/लिटरच्या वर गेलेले सरळ वगळायचे का?

बायोकेम_ताई: येतील तसं नको. आयएल-६ दिवसभरात वरखाली होतं, जेवणानेही हलतं. सगळ्यांचं ८ ते १० मध्ये, उपाशीपोटी घ्या. लेव्होडोपा (पार्किन्सनचं मुख्य औषध) मात्र थांबवू नका, डोसची वेळ नोंदवा.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब, आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी, लगेच बर्फात, तासाभरात सेंट्रिफ्यूज. ट्यूब टेबलावर पडून राहिली की पांढऱ्या पेशी ट्यूबमध्येच सायटोकाइन (आयएल-६ सारखी सुजेची प्रथिनं) सोडू लागतात आणि तुम्ही रुग्णाची नव्हे, उशिराची सूज मोजता. सीआरपी त्यामानाने धट्टाकट्टा. प्लाझ्मा ओढताना पांढऱ्या पेशींच्या थराच्या वर थोडा प्लाझ्मा सोडूनच द्या. टिप थराला लागली तर तो नमुना गेला. २०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका.

किट हाय-सेन्सिटिव्हिटीच हवं. वयस्कांत आयएल-६ बहुधा मिलिलिटरला काही पिकोग्रॅमच असतं, साध्या एलायझात (प्लेटवर प्रथिनं मोजायची चाचणी) ते ब्लँकपाशीच (नमुना नसलेल्या खाच्याच्या आकड्यापाशी) घुटमळतं. आणि प्रत्येक प्लेटवर जास्त-कमी जीडीएसचे रुग्ण मिसळा, नाहीतर प्लेटमधला फरक नैराश्याच्या नावावर खपतो.

डॉ_मेंदूविकार: १० च्या वर दिसला की आधी कारण शोधा: लघवीचा संसर्ग (या वयात ताप, जळजळ नसतानाही असतो), गिळताना लागणारा ठसका आणि त्यातून छातीत गेलेला संसर्ग, बेडसोर, हिरड्या, नुकतीच घेतलेली लस. दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. सीआरपीची हाफ-लाइफ साधारण १९ तास, म्हणजे कारण गेलं की आकडा भराभर उतरतो. तरीही चढाच राहिला तर वगळू नका. कायम सूज असलेले रुग्णच तर तुम्हाला शोधायचे आहेत! विश्लेषण त्यांना धरून आणि वगळून, दोन्ही तऱ्हेने करा. बीएमआय, स्टॅटिन, स्टेरॉइड, तंबाखू नोंदवा. सीआरपीचा लॉग घ्या.

मनोविकार_ओपीडी: प्रश्नावली रुग्ण ‘ऑन’ (औषधाचा असर चालू) असताना, रक्ताचा रिपोर्ट न बघता भरा. निर्विकार चेहरा आणि मंद हालचाल म्हणजे उदासी नव्हे. अनास्थेसाठी वेगळी मोजपट्टी लावा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जोडा, कारण लेव्होडोपाने होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की चढणारं अमिनो आम्ल) वाढतं.

२०१३ च्या इन्फ्लिक्सिमॅब (टीएनएफ-अल्फा रोखणारं औषध) चाचणीत उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्याचे ६० रुग्ण होते. एकूण गटाला प्लासिबोपेक्षा जास्त फायदा झाला नाही. एचएस-सीआरपी ५ च्या वर होता त्यांना झाल्यासारखा दिसला. ते पार्किन्सनचे रुग्ण नव्हते, म्हणून सीआरपी नॉर्मल आला की ‘नैराश्य नाही’ असं कुणी वाचू नये.

जीडीएस-१५ मध्ये आत्महत्येबद्दल थेट प्रश्न नाही. तो वेगळा, एकट्याला बसवून विचारा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी आमच्याकडे पाठवा.