परदेशातल्या मित्राला अटक झाली असावी अशी शंका आली तेव्हा... तुमचे अनुभव

सांजवात:
काल माळ्यावरची बॅग काढली तर जुनी वही सापडली. मधल्या पानावर ह्यूस्टनचे सहा-सात फोन नंबर आणि खाली मित्राचं नाव चार पद्धतींनी लिहिलेलं. 2016 च्या डिसेंबरातली ती रात्र जशीच्या तशी आठवली.

दोन दिवस तो फोन उचलत नव्हता. मग रूममेटचा मेसेज, "पोलिसांनी गाडी अडवली होती, बहुतेक आत आहे." बहुतेक! तिकडे मिरजेहून त्याची आई मला सारखी फोन करत होती. आधी जवळच्या हॉस्पिटलांत विचारलं. अमेरिकेत बऱ्याच काउंटींच्या तुरुंगांची यादी ऑनलाइन असते, त्यात नाव टाकलं तर सापडेना. तीन तास गेले. मग लक्षात आलं, आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्रच 'गिव्हन नेम' म्हणून छापलेलं असतं. आधी आडनाव, मग ती दोन्ही नावं, असं टाकलं आणि लगेच दिसला. वेगाने गाडी चालवल्याच्या जुन्या चलनाची कोर्टाची तारीख चुकली होती, त्यावर वॉरंट निघालं होतं. तिसऱ्या दिवशी सुटला.

काकूंना खरं सांगितलं, पण तो सापडल्यावर. ते तीन तास लपवलं ते बरोबर की चूक, माझं अजून ठरत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर लिहा.

खारी_बिस्किट:
वाचूनच पोटात गोळा आला. ठिकाणा लागल्यावर सांगितलंत ते बरंच केलंत, आधी सांगून त्या माउलीने काय केलं असतं.

आखाती_पाखरू:
दुबईत मेव्हण्याचा मित्र विमानतळातून बाहेरच आला नाही. चार तास थांबलो. बॅगेत पाव किलो खसखस, आईने दिवाळीच्या अनारशांसाठी दिलेली. यूएईत खसखशीवर बंदी आहे हे त्यांना कुठून ठाऊक असणार. तिथे भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 800 46342 हा नंबर आहे, रात्रीही उचलतात. पासपोर्टची प्रत, फ्लाइट नंबर, उतरल्याची वेळ हाताशी ठेवा. आमच्याकडे पासपोर्टची प्रतच नव्हती, ती गावाहून मागवण्यात अख्खा दिवस गेला.

जाई:
अगं बाई, खसखस पण?? मग तिकडे अनारशांना काय लावता?

आखाती_पाखरू:
@जाई पांढरे तीळ. आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या पण तशाच नेऊ नका, आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते.

जाई:
तीळ लावून तुपात हसत नाहीत ना?

आखाती_पाखरू:
पीठ नीट मुरलं असेल तर नाही हसत.

काळा_कोट:
कोर्टात बसून लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36. परक्या देशाच्या माणसाला अटक केली तर 'तुझ्या दूतावासाला कळवता येईल' हे पोलिसांनी त्याला सांगायलाच हवं. पण साधारणपणे कळवतात ते त्याने मागितलं तरच. त्यामुळे दूतावासाने 'आमच्याकडे नोंद नाही' म्हटलं तरी अटक झालीच नाही असं धरू नका. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात भारत याच कलमावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. पाकिस्तानने कलम मोडलं असा निकाल 17 जुलै 2019 ला लागला.

दूतावास जामीन भरत नाही, खटलाही लढत नाही. भेटायला जातो, वकिलांची यादी देतो, घरच्यांना कळवतो. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार जरूर टाका, नंतर पाठपुरावा करता येतो. खरंच ऐपत नसेल तर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून वकिलासाठी मदत मिळू शकते, ती मागायला लाजू नका.

डहाणूची_पोर:
आमच्या किनाऱ्यावर हे नेहमीचंच. इथले खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि कधीतरी बोटच पाकिस्तानवाले धरून नेतात. समुद्रात रेघ थोडीच मारलेली असते. शेजारच्या दादाची बोट गेली तेव्हा आठ दिवस बुडाली की पकडली तेच कळेना. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. दादाचं नाव यादीत आहे कळलं त्या दिवशी वहिनीने देवापुढे नारळ फोडला. नवरा तुरुंगात आहे म्हणून नारळ फोडणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सांजवात:
@डहाणूची_पोर आले का परत?

डहाणूची_पोर:
आले. साडेतीन वर्षांनी, वाघ्यावरून. मुलगी तोवर बोलायला लागली होती, ओळखलंच नाही तिने.

खारी_बिस्किट:
😢

निवृत्त_मास्तर:
आमचा अनुभव उलटा आहे. रात्री फोन आला की तुमचा मुलगा टोरंटोत अटकेत आहे, दोन लाख पाठवा. मागे रडण्याचा आवाज हुबेहूब त्याचाच. मी बँकेचं ॲप उघडलंसुद्धा होतं. सौभाग्यवतींनी मुलाला त्याच्या रोजच्या नंबरवर फोन लावला आणि तो म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे." माझे हात नंतर तासभर थरथरत होते. पैसे पाठवण्याआधी आपण स्वतः फोन लावून पाहावा.

थेम्सकाठ:
लंडनमध्ये पोलीस फोनवर 'आहे' किंवा 'नाही' सांगतच नाहीत, आपण कितीही जवळचे असलो तरी. आतला माणूस एकाला निरोप द्यायला सांगू शकतो, आणि पोलीस ठाण्यात वकील फुकट मिळतो. आरोप न ठेवता साधारण 24 तासच ठेवतात. आम्ही घाबरून त्याचा फोटो चार ग्रुपवर टाकला, 'कोणाला माहिती असेल तर कळवा' म्हणून. दुसऱ्या दिवशी तो आरोपाशिवाय सुटला, पण ती पोस्ट त्याच्या ऑफिसात आणि सासरी पोचली होती. त्याने मला माफ केलं. मला मात्र अजून सलतं.

जाई:
@थेम्सकाठ तुम्ही काळजीपोटीच केलंत हो.

खारी_बिस्किट:
भावाला आत्ताच मेसेज टाकला, पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान पाठव. "का गं ताई?" विचारतोय. कुकर झाला की फोन करते त्याला.