सल्ला हवा : बडोद्यात राहून इतिहास-संशोधनातील ओळखी कशा वाढवाव्यात?

कमाठीबाग

नमस्कार. मी बडोद्यात इतिहास विषयात पीएच.डी. करते आहे आणि सध्या तिसरे वर्ष चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गायकवाडी दरबार आणि शहरातील सावकार यांच्यात चाललेली देवघेव हा माझा विषय आहे. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या पेढ्या, त्यांनी दरबाराला दिलेली कर्जे आणि त्या कर्जांना इंग्रजांनी दिलेली हमी. कोठीजवळच्या अभिलेखागारात मोडी कागद वाचण्यात माझे बहुतेक दिवस जातात. मार्गदर्शक मॅडम मनापासून मदत करतात, परंतु त्यांचे स्वतःचे काम शिलालेखांवरचे आहे, आणि विभागात माझ्या काळावर काम करणारे दुसरे कोणी नाही.

प्रबंधानंतर पोस्टडॉक करण्याची इच्छा आहे. त्यासाठी शिफारसपत्रे लागतात आणि शिफारस करणारी माणसे आपल्याला ओळखणारी असावी लागतात, इतके मला कळते. ही ओळख बडोद्यात बसून कशी करून घ्यावी, हे मात्र कळत नाही. कोणत्या परिषदांना जावे? अपरिचित प्राध्यापकांना पत्र लिहिले तर ते आगाऊपणाचे वाटेल का? राज्य शासनाच्या «शोध» या संशोधन-शिष्यवृत्ती योजनेतून मिळणारे महिन्याचे 15,000 रुपये आता बंद झाले आहेत, त्यामुळे खर्चाचाही विचार करावा लागतो. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

रुमालवाला

कमाठीबागताई, मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि माझे आयुष्य पुण्याच्या व मुंबईच्या दफ्तरांत गेले आहे, म्हणून तुमच्या प्रश्नाला थोडे लांब उत्तर देतो.

प्रथम तुमच्याजवळ काय आहे ते पाहा. पश्चिम भारताच्या आर्थिक इतिहासावर लिहिणारे कितीतरी चांगले अभ्यासक इंग्रजी कागदांवर विसंबून असतात, कारण त्यांना मोडी येत नाही. ज्यांना मोडी येते त्यांतल्या अनेकांना गुजराती वह्या वाचता येत नाहीत. बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलीला या दोन्ही गोष्टी जमतात, आणि हे सामान्य वाटते ते केवळ आपल्या शहरात. ज्या माणसाला तुमच्या मदतीचा खरोखर उपयोग आहे, त्याच्याशी ओळख करून घेण्यासाठी वेगळे कौशल्य लागत नाही.

आता माणसे कशी शोधावीत. स्वतःच्या प्रबंधातील तळटीपा काढून बसा आणि गेल्या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेले लेख वेगळे करा. त्यांच्या लेखकांपैकी जे अजून सहायक प्राध्यापक किंवा पोस्टडॉक आहेत, त्यांना आधी लिहा. नामवंतांना रोज अनेक पत्रे येतात. ज्याचा पहिलाच लेख छापून आला आहे, त्याला तो लेख कोणीतरी शेवटपर्यंत वाचल्याचा इतका आनंद होतो की उत्तर सहसा येतेच. पंधरा वर्षांनी निवड समित्यांवर हीच पिढी बसलेली असेल, हा हिशेबही अगदीच गैर नाही.

तिसरी गोष्ट वाचनकक्षांची. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र अभिलेखागार, पुण्याचे पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ही ठिकाणे तुमच्या विषयासाठी तशीही टाळता येण्यासारखी नाहीत. तेथे परगावचे आणि परदेशचे संशोधक आठवडे-आठवडे मुक्काम करतात. परिषदेत पंधरा मिनिटांच्या निबंधातून जेवढी ओळख होते, त्याहून पुष्कळ अधिक ओळख दुपारच्या चहाच्या वेळी एखाद्याला अडलेला अंक किंवा सालाचा मेळ सोडवून दिल्याने होते. फसली आणि शुहूर सन (जुन्या कागदांतील कालगणना) झटकन उलगडणारी व्यक्ती वाचनकक्षात फार दिवस अनोळखी राहत नाही.

परिषदांविषयी थोडक्यात. इंडियन हिस्टरी काँग्रेस 1935 साली पुण्यातच सुरू झाली. तिचे अधिवेशन बहुधा डिसेंबरच्या अखेरीस भरते आणि सभासद होऊन तेथे निबंध वाचता येतो. गर्दी प्रचंड असते, म्हणून आपल्या विभागाच्या सत्रांतच बसावे. महाराष्ट्राच्या संस्कृती आणि समाजाविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद 1980च्या दशकापासून वेगवेगळ्या देशांत भरत आली आहे. तेथे माणसे थोडी पण नेमकी भेटतात. प्रवासखर्चासाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची अनुदाने आहेत, त्यांचे नियम आणि मुदती आधीच पाहून ठेवाव्यात.

निझामपुरा_लॅब

मी जीवशास्त्राकडचा असल्यामुळे मोडीबद्दल बोलत नाही. आमच्याकडे ओळखी उपकरणांभोवती वाढतात : ज्या प्रयोगशाळेत यंत्र आहे तिथे नमुने घेऊन जावे लागते आणि त्यातून सहलेखन होते. शिवाय 2009पासून तरुण संशोधकांसाठी यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग भरते, आणि 2014पासून तरुण वैज्ञानिकांची राष्ट्रीय अकादमी आहे. इतिहासाला अशी सोय कमी दिसते.

एक गोष्ट मात्र सर्व विषयांना लागू आहे. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, आजच काढावा. तो सोळा अंकी असतो, फुकट मिळतो आणि 2012पासून चालू आहे. मराठी नावांचा प्रश्न आपल्याला ठाऊक आहेच : एका लेखात वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्यात फक्त आद्याक्षर, लग्नानंतर कोणी आडनाव बदलते, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक संपादकाच्या मर्जीवर. परिणामी एकाच व्यक्तीचे लेख दोन-तीन व्यक्तींच्या नावावर विखुरतात आणि शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. विद्यापीठाचे नावही दरवेळी पूर्ण लिहावे, कारण एमएसयू हे त्याचे आद्याक्षरी रूप मिशिगन स्टेट विद्यापीठाचेही आहे.

सूरसागर

मी समाजशास्त्र शिकवते. ओळखींच्या प्रश्नावर आमच्या विषयात एक प्रसिद्ध अभ्यास आहे, तो येथे उपयोगी पडेल. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील न्यूटन या गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले की ज्याने बातमी दिली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखवले की वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून बातमी मिळालेले केवळ 16.7 टक्के होते, अधूनमधून भेटणाऱ्यांकडून 55.6 टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून 27.8 टक्के. याचे कारण साधे आहे : जवळच्या माणसांना आपल्यालाच ठाऊक असलेल्या गोष्टी ठाऊक असतात. पुढे 2022 साली लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी सदस्यांवर झालेल्या प्रयोगातही मध्यम दुबळ्या, म्हणजे फार जवळच्या नसलेल्या, ओळखीच सर्वाधिक कामाच्या ठरल्या. अगदी नाममात्र ओळखींचा तेवढा उपयोग झाला नाही.

म्हणून पाचशे जणांना मैत्रीची विनंती पाठवण्यात अर्थ नाही, आणि फक्त आपल्या विभागातल्या मैत्रिणींवर विसंबण्यातही नाही. वर्षातून दोन-तीनदा ज्यांच्याशी कामाच्या निमित्ताने चार ओळींचा व्यवहार होतो, अशी वीस-पंचवीस माणसे पुष्कळ झाली. रुमालवाला सरांशी मी एका बाबतीत सहमत नाही. ते तुम्हाला आपल्याच काळाच्या अभ्यासकांकडे पाठवत आहेत. माझ्या मते तुम्ही शेजारच्या विषयांतही डोकावावे. आपल्याच विद्यापीठात 1951 साली समाजशास्त्र विभाग उभा राहिला तो एम. एन. श्रीनिवास यांच्या हाताखाली. ते 1959 साली दिल्लीला गेले, आय. पी. देसाई यांनी पुढे सुरतेला संस्था उभारली. त्याच परंपरेतल्या ए. एम. शहा यांनी गुजरातच्या एका खेड्याचा अभ्यास करताना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे दफ्तर वाचले. समाजशास्त्रज्ञाला दफ्तराची गरज पडली, तशी तुम्हाला पेढ्यांच्या नातेसंबंधांसाठी समाजशास्त्राची पडेल. सुरतेचे सेंटर फॉर सोशल स्टडीज आणि अहमदाबादच्या संशोधनसंस्था सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतक्या जवळ आहेत, त्यामुळे तुमचा खर्चाचा प्रश्नही तेथे फारसा येत नाही.

कमाठीबाग

सर्वांचे आभार. रुमालवाला सर, आपल्या सूचनेप्रमाणे यादी केली आहे. पहिल्या पत्राचा आशय खाली मराठीत देते. प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत जाईल.

«आदरणीय प्राध्यापक, मी आपल्या लेखनाची निस्सीम चाहती आहे. आपण या क्षेत्रातील अधिकारी व्यक्ती आहात. मी बडोद्याच्या सावकारीवर संशोधन करते आहे. आपले बहुमोल मार्गदर्शन लाभल्यास माझ्या संशोधनाला दिशा मिळेल. सोबत माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणे जोडली आहेत. सवडीने अभिप्राय कळवावा ही नम्र विनंती.»

रुमालवाला

पत्र सभ्य आहे, पण ते कोणालाही पाठवता येईल, आणि वाचणाऱ्याला हे पहिल्याच ओळीत कळते. «मार्गदर्शन» हा शब्द काढून टाका. मार्गदर्शन करायचे म्हणजे नेमके काय करायचे आणि किती वर्षे करायचे, या विचारानेच माणूस उत्तर लांबणीवर टाकतो. तीन प्रकरणे तर मुळीच जोडू नका. लग्नाच्या बोलणीत पहिल्याच भेटीला सगळे दागिने मांडून बसण्यासारखे ते होते.

असे लिहून पाहा. पहिल्या वाक्यात आपण कोण आणि कुठल्या कागदांवर काम करतो. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या एका ठरावीक लेखातील एक ठरावीक विधान, आणि तुमच्या रुमालात (कापडात बांधलेल्या दफ्तराच्या गठ्ठ्यात) त्याला पुष्टी देणारे किंवा छेद देणारे काय सापडले ते. उदाहरणार्थ, एकच कर्ज दरबारच्या वहीत एका रकमेने आणि रेसिडेन्सीकडे (दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीकडे) गेलेल्या यादीत दुसऱ्या रकमेने नोंदलेले दिसत असेल, तर तेवढेच सांगावे आणि फरक का पडला असावा याबद्दल स्वतःचा तर्कही द्यावा. तिसऱ्या परिच्छेदात पाच मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न : रेसिडेन्सीच्या कागदांत अशी तफावत त्यांना आढळली होती का? शेवटी, त्या एका कागदाचे लिप्यंतर हवे असल्यास पाठवीन, असे म्हणावे. स्तुतीला जागाच उरत नाही, आणि उरू नये.

तीन आठवडे उत्तर आले नाही तर एकदा, दोन ओळींत आठवण द्यावी. त्यानंतर विषय सोडावा. मौन हा अपमान समजू नये. सत्राच्या शेवटी उत्तरपत्रिकांचे ढीग कसे असतात ते आपण पाहतोच.

वाडीकर

वरच्या सल्ल्याला एक पुस्ती जोडतो, कारण येथे सगळे देण्याबद्दलच बोलत आहेत. न छापलेल्या कागदांचे लिप्यंतर मागेल त्याला देत सुटू नये. एक कागद द्यावा, दहा देऊ नयेत. ज्याच्यावर तुमचे प्रकरण उभे आहे तो कागद लेख छापून येईपर्यंत जवळच ठेवावा. कोणी अधिक मागितले तर सहलेखनाचा विषय तेव्हाच, आणि लेखी काढावा : लिप्यंतर कोणाचे, विश्लेषण कोणाचे, नावे कोणत्या क्रमाने. विज्ञानाच्या नियतकालिकांत प्रत्येकाचे योगदान चौदा ठरलेल्या भूमिकांत विभागून छापण्याची पद्धत रुळली आहे. इतिहासात तसे नाही, आणि मोडी वाचून देणारा माणूस बहुतेक वेळा आभारांच्या ओळीत उरतो. असे कितीतरी वाचक मी पाहिले आहेत.

बाहेर कोणाशी पत्रव्यवहार चालू आहे ते मार्गदर्शक मॅडमना कळवत राहावे. परवानगी म्हणून नव्हे. एखाद्या चर्चासत्रात तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेले बरे. पुढे पहिले शिफारसपत्र त्यांचेच असणार आहे.

आणि फसव्या परिषदांपासून सावध राहावे. वाणिज्य, आयुर्वेद, नॅनोतंत्रज्ञान आणि इतिहास एकाच दिवशी एकाच सभागृहात, सारांश पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकृती, आणि सगळा भर शुल्कावर, अशी लक्षणे दिसली की दूर राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016च्या नियमांत प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणे सक्तीची होती, त्यामुळे या धंद्याला बरकत आली. 2022च्या नियमांनी ती सक्ती काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय म्हणतो ते कार्यालयात विचारून घ्यावे, पण प्रमाणपत्रासाठी पैसे घालवू नयेत. तेवढ्यात मुंबईच्या अभिलेखागारात आठवडाभर राहणे होते.

कमाठीबाग

वाडीकर काका, सावधगिरीची सूचना पटली. पत्र नव्याने लिहिले, एकच कागद निवडला आणि मॅडमना दाखवले. त्यांनी एक वाक्य कमी केले आणि सुरतेच्या संस्थेतील त्यांच्या परिचयाच्या एका संशोधिकेचे नाव सुचवले, जे तीन वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते. आता एकच शंका उरते. परिषदेत एखाद्याशी चांगले बोलणे झाले, तर नंतर काय करावे? दुसऱ्या दिवशी लिहिणे घाईचे वाटते आणि महिन्याने लिहावे तर ते विसरलेले असतात.

सूरसागर

आठवड्याच्या आत लिहावे, आणि बोलण्यात जो लेख, जो कागद किंवा जे नाव निघाले होते ते पाठवून लिहावे. तसे काही निघालेच नसेल तर लिहिण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी पुन्हा भेट होईल. घरी येण्यापूर्वी, गाडीतच, वहीत प्रत्येकाच्या नावापुढे काय बोलणे झाले ते टिपून ठेवावे. सुरतेच्या संशोधिकेला मात्र आजच लिहावे, आणि मॅडमचा उल्लेख पहिल्या ओळीत करावा.