जुनं ४जी कार्ड राउटरला जोडलंय: वीज, अँटेना, आयएमईआय?

सत्तरीकर:
गोव्यात वाळपईच्या पुढे घर आहे, फायबर नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेलं एम.२ खाचेत बसणारं ४जी कार्ड (मॉडेम) यूएसबी अडॅप्टरवर बसवून छोट्या राउटरला जोडलंय. चिऱ्यांच्या जाड भिंती, आत आरएसआरपी (सिग्नलची ताकद) -११३ च्या आसपास, म्हणजे दुबळीच. डाउनलोड चालतं, पण अपलोड सुरू केलं की कार्ड गायब होतं आणि अर्ध्या मिनिटाने परत येतं. कौलांवर अँटेना लावून १२ मीटर केबल खाली आणू का? विकणारा म्हणतो, कार्डावर फोनचा आयएमईआय (उपकरणाचा १५ अंकी ओळख क्रमांक) चढवा, फोनचं स्वस्त सिम चालेल. बूस्टरही (सिग्नल वाढवणारा रिपीटर) देतो म्हणतो.

शॉर्टसर्किट:
अपलोडलाच जातं, म्हणजे वीज कमी पडतेय. सिग्नल दुबळा असला की मॉडेम पूर्ण ताकद लावतो, २३ डीबीएम म्हणजे ०.२ वॅट. त्या क्षणी कार्ड ३.३ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढू शकतं, म्हणजे साडेसहा वॅट. यूएसबी २ चा पोर्ट देणार ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर, जेमतेम अडीच वॅट. व्होल्टेज बसतं, कार्ड रिसेट होतं. वेगळी वीज घेणारा अडॅप्टर आणा, त्याला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर आणि आखूड, जाड वायर.

अँटेनाच्या वायरी कार्डाला जोडणाऱ्या बारक्या टोप्या (एमएचएफ४) साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरत्याच असतात. पकडीने ओढू नका, सरळ वर उचला. बसवताना नखाने दाबा, टक् असं जाणवायला हवं. कार्डावरचं ‘मेन’ लिहिलेलं अँटेनाचं टोक मोकळं ठेवून कार्ड चालू करू नका, प्रक्षेपण तिथूनच होतं.

कौलारू:
१२ मीटर केबलचा नाद सोडा. साधी आरजी-५८ जातीची केबल असेल तर १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे निदान ०.६५ डीबी (सिग्नलच्या घटीचं माप) जातात, १२ मीटरला जवळजवळ ८. अँटेनापर्यंत ०.२ वॅटचा फार तर सहावा हिस्सा पोचणार, २३०० मेगाहर्ट्झच्या बँड ४० वर त्याहून कमी. ९ डीबीआय गेनची (एका दिशेला सिग्नल तेवढा वाढवणारी) महागडी अँटेना घेऊन कमावलेलं सगळं केबलच खाते. एलएमआर-४०० या चांगल्या केबलला १२ मीटरमागे दोन-सव्वादोन डीबीच, पण ती करंगळीएवढी जाड, वळवताना जीव जातो.

त्यापेक्षा कार्ड आणि राउटर वर, अँटेनापासून मीटरभरात ठेवा आणि खाली पीओईवर (त्याच नेटवर्क केबलमधून वीजही नेणारी सोय) इथरनेट आणा. फक्त मे महिन्यात कौलांखाली भट्टी होते. डबा हवेशीर हवा आणि कार्डाखाली उष्णता ओढून घेणारा थर्मल पॅड हवा. पावसाळ्यात बाल्कावाला (घरापुढच्या ओसरीला) पत्रे लावलेत तर त्यांच्या आड अँटेना ठेवू नका, पत्रा सिग्नल अडवतो.

खांब लोखंडी असेल तर अर्थिंग आणि केबलवर सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) हवाच. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात दोन्ही टोकांचे प्लग काढून ठेवलेले बरे. बाहेरच्या जोडांवर सेल्फ-फ्यूजिंग टेप गुंडाळा, इन्सुलेशन टेप पहिल्याच पावसात सुटते.

नियमवाला:
आयएमईआयला हात लावू नका. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ खाली त्यात छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विकणारा हे सांगणार नाही. तुमच्या कार्डाचा नंबर लेबलवर असतो, नाहीतर एटी+सीजीएसएन कमांडने मिळतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून १५ अंक टाका आणि १४४२२ ला पाठवा. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर कार्ड बाजूला ठेवा.

बूस्टर तर नकोच. परवानगीशिवाय खासगी रिपीटर लावणं बेकायदा आहे. आसपासच्या टॉवरलाही त्याचा गोंगाट होतो, सगळ्या वाड्याचं नेट मंदावतं.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. लॅपटॉपच्या कार्डाची एसएआर (शरीरात किती रेडिओ ऊर्जा शोषली जाते याची) तपासणी त्याच लॅपटॉपच्या अँटेनासकट झालेली असते (आपल्याकडची मर्यादा १.६ वॅट प्रतिकिलो, १ ग्रॅमवर सरासरी). अँटेना बदलली की तो आकडा तुम्हाला लागू नाही. म्हणून कार्डाच्या कागदात दिलेल्या कमाल गेनच्या वर जाऊ नका आणि अँटेना माणसांपासून निदान २० सेंटीमीटर लांब ठेवा. बिछान्याच्या उशाशी नकोच.

सत्तरीकर:
राउटर माळ्यावर नेतो. इथरनेटची केबल बाहेरून भिंतीवरूनच येणार, साधी कॅट-५ई चालेल?

कौलारू:
बाहेरची काळी, यूव्ही सहन करणारी घ्या, आणि अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर पीओईला व्होल्टेज पडतं. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच टपकेल.